चहानंतरचा तास

इन्शुरन्स कंपनीचा माणूस माझ्या घरी आला आणि मी त्याला चहा केला. माझा गुन्हा एवढाच. त्या चहापायी माझे डिसॅबिलिटीचे पैसे बंद झाले आणि आयुष्यात पहिल्यांदा मला वकील करावा लागला. लोक घटस्फोटासाठी वकील करतात, मी तो कागदावर सह्या करून गुपचूप उरकला होता. वकील केला तो आल्याच्या चहासाठी.

मी मूळची नागपूरची. अमेरिकेत, चँडलरमध्ये, चिप बनवणाऱ्या एका कारखान्यात सोळा वर्षं प्रोसेस इंजिनियर होते. डोक्यापासून पायापर्यंत पांढरा सूट, फक्त डोळे उघडे, आणि आत धुळीचा एक कणही नको. त्या सूटमध्ये बारा-बारा तास उभी राहिलेली बाई मी. सेहेचाळिसाव्या वर्षी मल्टिपल स्क्लेरोसिस निघाला. हा मज्जातंतूंचा आजार आहे, आणि त्याची खोड अशी की बाहेरून काही म्हणता काही दिसत नाही. सकाळी मी तुमच्यासारखीच असते. थोडी उभी राहिले, थोडं काम केलं, की तासाभराने हात माझे राहत नाहीत, पाय जड होतात, जीभही अडखळते. उन्हात हे सगळं लवकर होतं. आणि मी राहते कुठे, तर ॲरिझोनात.

नोकरी सुटली, पण कारखान्यातर्फे घेतलेली डिसॅबिलिटी पॉलिसी होती, म्हणजे आजारपणाने काम जमेनासं झालं तर पैसे देणारा विमा. माझ्या पगारातून तिचे हप्ते सोळा वर्षं कापले जात होते. तिचेच पैसे आता दरमहा येत होते आणि त्यांच्यावरच मी आणि माझी मुलगी त्या घरात राहत होतो. मुलगी हायस्कूलच्या शेवटच्या वर्षाला. कमावणारं दुसरं कोणी नाही. म्हणजे पॉलिसी बंद झाली तर घर गेलं, इतका सरळ हिशोब.

जूनमध्ये इन्शुरन्स कंपनीचा फोन आला की आमचा एक प्रतिनिधी भेटायला येईल, नेहमीचीच चौकशी आहे. सकाळी दहाला आला. उंच, नम्र, त्या उन्हात टाय लावलेला, शर्ट पाठीला चिकटलेला. मी त्याला बसवलं, पाणी दिलं, आणि आत जाऊन चहा टाकला. आलं किसलं, डिशमध्ये चिवडा काढला, ट्रे घेऊन बाहेर आले. त्याने चहा घेतला, आवडला म्हणाला, दुसरा कप मागून घेतला. यात काय काय घालता, विचारलं. मी हसून सांगितलं. अकराच्या सुमारास तो गेला. तो गेल्यावर काय झालं ते मी कोणाला सांगितलं नाही.

महिन्याभराने पत्र आलं. पॉलिसी बंद. कारणांमध्ये त्या भल्या माणसाचा रिपोर्ट होता. क्लेमंटने, म्हणजे मी, स्वतंत्रपणे गरम पेय तयार केलं. भरलेला ट्रे दोन्ही हातांनी उचलून आणला. स्वयंपाकघरात तीन फेऱ्या मारल्या. सर्व वेळ प्रसन्नपणे संभाषण केलं. सबब क्लेमंट बसून करायचं काम करू शकते.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. फेऱ्या मोजत होता! मी साखर विसरले म्हणून आत गेले, तर ती फेरी. माझ्या सोफ्यावर बसून, माझा चिवडा खात, हा माणूस मनात फेऱ्या मोजत होता.

वकील मुलीने शोधला. ती सोफ्यावर मांडी घालून रिव्ह्यू वाचत होती आणि मी ऐकत होते. कोणी लिहिलं होतं की इथे फोन उचलतात. कोणी लिहिलं होतं की माझं ऐकून घेताना घड्याळाकडे बघितलं नाही. मला हसू आलं. जिंकलो असं लिहिणारे थोडेच होते. बाकी सगळे कोणीतरी नीट बोललं म्हणून पाच तारे देऊन बसले होते. नंतर माझं मला कळलं. तुम्हाला लेखी खोटारडं ठरवल्यावर कोणी नुसतं "बसा" म्हटलं तरी पाच तारे द्यावेसे वाटतात.

ऑफिस फीनिक्समध्ये होतं. दार आपोआप उघडणारं, खुर्च्यांना भक्कम हात, खोली थंडगार. तिथे चार-पाच जण बसले होते आणि एकही आजारी दिसत नव्हता. इस्त्रीचे कपडे, नीट विंचरलेले केस. मीही चांगला कुडता घालून, लिपस्टिक लावून गेले होते. आपण आजारी आहोत हे सिद्ध करायला आलेली माणसं किती टापटीप येतात, हे तिथेच पाहावं.

वकीलबाई साठीच्या. पायात चालायचे बूट, चेहऱ्यावर उगाच हसू नाही. मला आवडल्या. हात मिळवून त्यांनी विचारलं, "कशा आहात?"

"एकदम छान," मी म्हटलं. "तुम्ही?"

त्यांनी फाइल उघडली आणि माझ्यासमोर सरकवली. माझ्या डॉक्टरांच्या नोंदी होत्या. प्रत्येक भेटीच्या पहिल्या ओळीत एकच वाक्य: पेशंट म्हणते, ती बरी आहे.

"डॉक्टर विचारतात कशा आहात, आणि तुम्ही म्हणता छान," त्या म्हणाल्या. "तुम्ही कंपनीचं निम्मं काम करून दिलंत."

आमच्याकडे कोणी कसं काय विचारलं तर मजेत म्हणतात. माझी आत्या आयसीयूमध्ये नळ्या लावलेल्या असताना मजेत आहे म्हणाली होती. विचारणाऱ्याला आपलं दुखणं काढून दाखवायचं नसतं, हे कोणी शिकवावं लागत नाही.

मग त्या चहावर आल्या.

"चहा का केलात?"

"ते घरी आले होते."

"हो. पण का केलात?"

"घरी आले होते ना."

त्यांनी पेन खाली ठेवलं. प्रश्न त्यांना कळत होता, उत्तर मला कळत होतं, आणि मधे काहीच नव्हतं.

"बरं," त्या म्हणाल्या. "तो गेल्यावर तुम्ही काय केलंत?"

"कप विसळले."

"नो, शी डिडन्ट," शेजारी बसलेली माझी मुलगी म्हणाली.

मी तिच्याकडे डोळे वटारले. ते डोळे ती लहान असताना चालायचे.

"मम्मी, यू वेअर ऑन द फ्लोअर." तिने फोन काढला, त्या दिवशीचा माझा मेसेज उघडला आणि वकीलबाईंना मोठ्याने भाषांतर करून वाचून दाखवला. मी लिहिलं होतं: किचनमध्ये जरा बसले आहे. पडले नाही. घाबरू नको. समर क्लासमधून लवकर येऊ नको. वेळ होती अकरा वाजून बावीस मिनिटं.

एका मेसेजमध्ये जेवढं खोटं बसेल तेवढं मी बसवलं होतं. बसले नव्हते, आडवी होते. ट्रे सिंकपर्यंत नेला आणि पाय गेले. फरशी थंड होती, ती गालाला बरी वाटत होती, एवढं आठवतं. मुलगी परवानगी काढून आली तेव्हा मी तिथेच होते आणि कप तसेच होते. पुढचे दोन दिवस मी पलंगावर होते. हे मी डॉक्टरला सांगितलं नाही, कंपनीच्या फॉर्मवर लिहिलं नाही. फॉर्मवर विचारलं होतं, मदत लागते का. मी लिहिलं होतं, नाही.

वकीलबाई मुलीला म्हणाल्या, "हे मेसेज डिलीट करू नकोस." माझ्याकडे वळून त्यांनी बजावलं की अपील एकदाच करता येतं. जे सांगायचं ते सगळं या अपिलातच. पुढे कोर्टात गेलं तरी नवा कागद कोणी बघत नाही. आता लपवलंत तर कायमचं लपलं.

गाडी मुलगी चालवत होती. पहिल्याच सिग्नलला मी तोंड उघडलं.

"परक्या माणसांसमोर तू मला उघडं पाडलंस."

"घर गेलं तर चालेल," ती म्हणाली, "पण यू वेअर ऑन द फ्लोअर हे कोणाला सांगायचं नाही? दॅट्स नॉट प्राइड, मम्मी. दॅट्स जस्ट स्टुपिड."

मला तिचा भयंकर राग आला. राग यायचं कारण उघड होतं. कार्टीचं बरोबर होतं.

पुढचे दोन महिने कागदांत गेले. डॉक्टरला मी खरं सांगायला शिकले. पहिल्यांदा "आज मी छान नाहीये" म्हटलं तेव्हा कोणाची तरी चहाडी करत असल्यासारखं वाटलं. डॉक्टरने मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि त्या दिवशी पहिल्यांदा दोन पानं लिहिली.

मग वकीलबाईंच्या ऑफिसातून माझ्या जबाबाचा मसुदा आला. चांगला लिहिला होता. मी चहा पीत पीत वाचत होते आणि एका ओळीला थांबले. तिथे लिहिलं होतं की क्लेमंट ज्या संस्कृतीतून आली आहे तिथे पाहुण्याची सेवा करण्याचा स्त्रियांवर मोठा दबाव असतो, आणि त्या दबावाखाली तिने स्वतःच्या तब्येतीविरुद्ध चहा केला.

मी तिथल्या तिथे फोन लावला.

"दबाव कोणाचा?" मी विचारलं. "घरात मी एकटी होते."

"असं लिहिलं की वाचणाऱ्याला सहानुभूती वाटते," वकीलबाई म्हणाल्या. "त्याचा उपयोग होतो."

"मला सहानुभूती नको. हप्ते भरलेत मी. माझ्या घरचा चहा मी कोणाच्या दबावाखाली करत नाही. ती ओळ काढा."

त्यांना मी पुढचं सांगितलं नाही, इथे सांगते. माझे बाबा नागपुरात पोस्टात क्लार्क होते. आमचं घर बौद्ध, आणि हे त्यांच्या ऑफिसात सगळ्यांना माहीत होतं. सहकारी कधी कामाने दाराशी यायचे. बाबा म्हणायचे, आत या, चहा घ्या. ते म्हणायचे, नको नको, आत्ताच झाला. कायम आत्ताच झालेला असायचा. सकाळी आठला आले तरी आत्ताच झालेला, भर दुपारी आले तरी आत्ताच. आई तरीही दरवेळी आधण ठेवायची. चांगले सहा कप तिने वेगळे काढून ठेवले होते, ते याच पाहुण्यांसाठी. एखादा बसला आणि खरोखरच कप रिकामा केला, तर बाबा त्या दिवशी जेवताना सगळ्यांना सांगायचे. अमका आज आपल्याकडे चहा प्यायला. एवढंच. पण ते मुद्दाम सांगायचे आणि आम्ही ऐकायचो.

त्या घरातली मी. माझ्याकडे एक टायवाला माणूस येतो, बसतो, आणि माझ्या हातचा दुसरा कप मागून घेतो. मला आनंद झाला होता. पन्नाशीला आलेली इंजिनियर बाई मी, आणि मला त्या दुसऱ्या कपाचा इतका आनंद झाला होता की त्याची आता लाज वाटते. आणि त्यानेच तो कप माझ्याविरुद्ध लिहून काढला. याला दबाव म्हणतात? माझा अपमान झाला होता. दोन्हींत फार फरक आहे.

जबाब मी स्वतः लिहिला. चहा मी माझ्या मर्जीने केला. उद्या कोणी आलं तरी करीन. तो केल्यावर मी जमिनीवर पडले आणि दोन दिवस उठले नाही. तुमच्या माणसाने चहा पाहिला, पुढचं पाहिलं नाही, कारण तो निघून गेला. त्यालाच परत पाठवा. या वेळी त्याला चहानंतर एक तास बसायला सांगा.

वकीलबाईंचा लगेच फोन आला. "शेवटची तीन वाक्यं काढू या."

"का?"

"कंपनीला घरी बोलावणारा क्लायंट मी पाहिलेला नाही. तुमचे दिवस सारखे नसतात. तो नेमका चांगल्या दिवशी आला आणि तासाभरात काहीच झालं नाही, तर? मग मी काही करू शकणार नाही."

भीती मलाही वाटत होती. घर माझं होतं, जाणार होतं ते माझं. पण ती तीन वाक्यं काढली असती तर त्या जबाबात मी उरलेच नसते.

"राहू द्या," मी म्हटलं. त्यांनी ठेवली.

ऑक्टोबरात कंपनीने तोच माणूस पाठवला. वकीलबाई आधीच येऊन कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसल्या होत्या. त्यांनी एकच सांगितलं होतं: जे रोज करता ते करा, जास्त नाही, कमी नाही. मी त्यांना एकच सांगितलं होतं: मी पडले तर उचलायला येऊ नका.

तो आत आला, वकीलबाईंना बघून जरा आखडला.

"चहा घेणार?" मी विचारलं.

"नो, थँक यू," तो म्हणाला. "आत्ताच कॉफी झाली."

क्षणभर मला बाबांचा दरवाजा दिसला. मग माझं डोकं फिरलं.

"मागच्या वेळी दोन कप घेतलेत," मी म्हटलं. "त्या दोन कपांवर तुम्ही माझी पॉलिसी बंद केलीत. आज नको म्हणून चालणार नाही. बसा."

तो बसला. मी आत गेले, आलं किसलं, चहा केला, ट्रे आणला. साखर या वेळीही विसरले आणि परत आत गेले. येताना म्हटलं, "ही फेरी धरा." त्याचे कान लाल झाले. वकीलबाईंनी फाइलमध्ये तोंड घातलं.

त्याने चहा घेतला, दुसरा कपही घेतला, प्रश्न विचारले, मी उत्तरं दिली. अर्ध्या तासात त्याने बॅग बंद केली आणि उठायला लागला.

"बसा हो, काय घाई आहे?"

"माझे प्रश्न झाले, मॅडम."

"माझी उत्तरं व्हायची आहेत. तुमच्या कंपनीला कळवलंय, चहानंतर एक तास."

तो परत बसला आणि मग आम्ही तिघं नुसते बसलो. तसा वेळ मी आयुष्यात काढलेला नाही. जे पाय जाऊ नयेत म्हणून मी चार वर्षं धडपडले, ते आता जावेत म्हणून मी वाट बघत होते. आणि नालायक शाबूत होते! बाहेर हवा छान, घरात एसी. पाऊण तास झाला. मी मुलीच्या कॉलेजच्या अर्जांबद्दल बोलत होते, त्याला निवडुंगाची कुंडी दाखवत होते, आणि मनात घर जाताना बघत होते. पडायचं नाटक करावं असं एकदाही वाटलं नाही असं मी म्हणणार नाही. वाटलं. पण तसं केलं असतं तर तो रिपोर्ट खरा ठरला असता. त्याने घड्याळ पाहिलं. वकीलबाईंचं पेन थांबलं होतं.

मग उजव्या हाताची करंगळी गेली. मी कप उचलला तर बशीत आपटला. "निवडुंग" म्हणायला गेले आणि शब्द अर्धाच आला. त्याने मान वर केली.

"लिहा," मी म्हटलं. तेही नीट आलं नाही.

रोज करते ते करायचं होतं, म्हणून मी ट्रे घेऊन उठले. सोफा, भिंत, भिंत, ओटा. ट्रे ओट्यावर टेकला आणि पाय गेले. मी ओट्याला धरून खाली बसले, मग तेही जमेना, तेव्हा आडवी झाले. फरशी थंड होती. वकीलबाई जागच्या हलल्या नाहीत. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं हे मला तिथून दिसत होतं.

तो दाराशी येऊन उभा राहिला. हातात पॅड होतं, पण लिहीत नव्हता.

"मी काय मदत करू?" त्याने विचारलं.

मला आडवं पडून माणसांकडे बघायची सवय नाही. पण त्या दिवशी मी मान वळवली नाही, डोळे मिटले नाहीत, आणि लाजही वाटली नाही. पॉलिसी माझ्या हक्काची होती. ती उभं राहून मागायची का आडवं पडून, हे माझं मी ठरवणार होते.

"कप राहिलेत," मी सावकाश, एकेक अक्षर लावून म्हटलं.

त्याने पॅड ओट्यावर ठेवलं, बाह्या वर केल्या आणि नळ सोडला.

पाच आठवड्यांनी पत्र आलं. पॉलिसी पुन्हा सुरू, मागच्या महिन्यांसकट. वकीलबाईंनी फोनवर सांगताना पहिल्यांदा हसून दाखवलं आणि कशा आहात विचारलं. मी म्हटलं, पाय दुखतात, हात बधिर आहेत, आणि मी फार खूश आहे. दोन दिवसांनी त्यांनी त्याच्या रिपोर्टची प्रत पाठवली. चार पानं होती. मुलीने मोठ्याने वाचली. वेळ, करंगळी, अडखळलेला शब्द, भिंतीचा आधार, सगळं जसंच्या तसं होतं. शेवटची ओळ तिने मी सांगितल्यावर पुन्हा एकदा वाचली: दोन कप चहा घेतला. क्लेमंट उठू न शकल्याने कप व बशा खाली सही करणाऱ्याने धुतल्या.

बाबा असते तर त्यांनी ती ओळ जेवताना सगळ्यांना सांगितली असती. ते नाहीत, म्हणून त्या दिवशी जेवताना मी सांगितली.